मुलचेऱ्यातले दोन डोक्यांचे किडे

मुलचेऱ्याच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवायला गेले, तेव्हा राहायला खोली मिळाली ती एका टेलरच्या घरी. रस्त्याकडे दुकान, त्यामागे त्यांचं घर आणि अंगणाच्या पलीकडे माझी खोली. घरात दोघंच, नवरा-बायको. दोन्ही मुली लग्न होऊन गेलेल्या. ते शर्ट-पँट शिवायचे, त्या काजं-बटणं करायच्या आणि ब्लाउजच्या गिऱ्हाइकांशी भांडायच्या. पहिल्या आठवड्यात ते मला ‘मॅडम’ म्हणत आणि मी त्यांना ‘भाऊ’. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या बायकोनं आम्हां दोघांनाही दटावलं. तेव्हापासून ते चाचा, त्या चाची आणि मी बेटा.

मी वरोऱ्याची. आमच्या घरी मटण-मासे तर सोडाच, कोणी अंड्याचं नाव काढलं तरी आई हात धुऊन येते. हे मी पहिल्याच दिवशी चाचीला सांगून ठेवलं होतं. तिनं माझ्यासाठी वेगळी कढई काढली, वर तिला लाल दोरा बांधला. इतकी ती काटेकोर.

त्या वर्षी मला शिकवायला आला पेशींच्या आपसातल्या संदेशांचा धडा. मूलपेशी म्हणजे अजून काहीच न झालेल्या पेशी. त्यांना आजूबाजूच्या पेशी रसायनांच्या भाषेत निरोप देतात, आणि तो निरोप ऐकून त्या ठरवतात की आपण कातडी व्हायचं, स्नायू व्हायचं की मेंदू. तीन दिवस मी फळ्यावर गोल काढत होते आणि गोलांतून बाण काढत होते. वर्गातली पोरं-पोरी ते गोल आणि बाण इमानेइतबारे वहीत उतरवत होती. चौथ्या दिवशी जवळच्या बंगाली वसाहतीतून सायकलनं येणारी एक मुलगी उभी राहिली आणि फार अदबीनं म्हणाली, “मॅडम, हे तुम्ही पाहिलं आहे का?”

मी म्हटलं, “काय?”

“म्हणजे, निरोप गेला आणि पेशीनं ऐकलं, असं.”

मी पाहिलं नव्हतं. नागपूरला मी त्यावर परीक्षा दिल्या होत्या, मार्क मिळवले होते, आणि आता तेच दुसऱ्यांना लिहून देत होते. मी खोकले, पाणी प्यायले आणि म्हटलं, “दाखवीन.” तोंडातून शब्द गेला. वर्गानं तोही वहीत लिहून घेतला की काय कोण जाणे, कारण दुसऱ्या दिवसापासून रोज कोणी ना कोणी विचारायला लागलं, “मॅडम, कधी दाखवता?”

महागडी यंत्रं नसताना मूलपेशींचं काम डोळ्यांनी पाहायचं तर एकच प्राणी कामाचा, तो म्हणजे प्लॅनेरिया. स्वच्छ, गार पाण्यातल्या दगडाखाली राहणारा नखाएवढा चपटा किडा. त्याच्या अंगात जिकडेतिकडे मूलपेशी पसरलेल्या असतात, म्हणून त्याचे तुकडे केले तर प्रत्येक तुकड्याचा पुन्हा पुरा किडा होतो. तो पकडायची रीतही सोपी. कलेजीचा तुकडा दोऱ्याला बांधून पाण्यात सोडायचा आणि वाट पाहायची.

अडचण कलेजीची होती. आठवडी बाजाराच्या दिवशी कोंबडीच्या दुकानासमोर मी तीन वेळा ये-जा केली. चौथ्यांदा दुकानदारानंच हाक मारली, “काय पाह्यजे, मॅडम?” मी ओढणी नाकाला लावून म्हटलं, “थोडीशी कलेजी. माझ्यासाठी नाही.” तो म्हणाला, “सगळे असंच म्हनतात.”

रविवारी सकाळी चाचांनी त्यांच्या जुन्या मोपेडवर मला जंगलाच्या कडेच्या नाल्यावर नेलं. मी मासे धरायला चालले आहे अशी त्यांची समजूत होती, म्हणून त्यांनी पिशवीत हळद-मीठही घेतलं होतं. कलेजी बांधायला मी साधी गाठ मारली तेव्हा त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. “अशी गाठ एका धुण्यात निंगते,” म्हणाले आणि शर्टाचं बटण लावावं तशी पक्की बांधून दिली. अर्ध्या तासानं दोरा वर ओढला, तर कलेजीला पंधरा-वीस मातकट चिकट ठिपके लटकलेले. मी आनंदानं ओरडलेच. चाचा वाकून पाहत राहिले.

“हे?” ते म्हणाले.

“हो.”

“मोठे होतात का?”

“नाही. एवढेच.”

चाचांनी हळद-मिठाची पुडी गपचूप खिशात घातली आणि मोपेडला किक मारली.

आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत विहिरीचं पाणी भरून मी किडे खाटेखाली ठेवले. नळाच्या पाण्यातलं औषध त्यांना सोसत नाही. कलेजीची पुडी मात्र ठेवावी लागली चाचीच्या फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी ती पुडी हातात धरून चाची माझ्या दारात उभी.

“बेटा, तुले खाचं असन तं खा ना. लाजतेस काऊन? मी करून देतो न चांगली, कांदा-लसूण टाकून. अशी कच्ची ठेवत असतेत का?”

मी तिला खाटेखालचा डबा दाखवला. सुईत दोरा ओवायला चाचा जे भिंग वापरत ते तिनं आणलं आणि बराच वेळ डब्यावर धरलं. प्लॅनेरियाला डोक्यावर दोन काळे ठिपके असतात, ते त्याचे डोळे. ते असे जवळजवळ असतात की किडा कायम तिरळा बघतोय असं वाटतं.

“याचे डोये तं तिरपे हायेत व,” चाची म्हणाली. “अन् तोंड?”

“पोटाच्या मधोमध. खातोही तिथूनच आणि बाहेरही तिथूनच टाकतो. दुसरी वाट नाही त्याला.”

चाचीनं भिंग खाली ठेवलं. “बाप्पा! तोंडानंच?” ती पदर तोंडाला लावून हसत बाहेर गेली. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट ब्लाउजच्या सगळ्या गिऱ्हाइकांना कळली होती. त्यातल्या दोघी जाताना माझ्या खोलीत डोकावून गेल्या.

किडे आठवडाभर रुळल्यावर मी ते कापायला बसले. बर्फाच्या तुकड्यावर ओला कागद, त्यावर किडा, हातात नवं ब्लेड. गारठ्यानं तो आखडला की झटकन कापायचं. चाचा दुकान सोडून बघायला आले. पन्नास वर्षं कापड बेतणारा माणूस. दुसऱ्याच्या हातात कापायची वस्तू पाहून त्यांना राहवेना.

“खून न करता कापतेस?” त्यांनी विचारलं. मी दचकले. त्यांना खडूची खूण म्हणायची होती.

माझा पहिला काप तिरका गेला, दुसरा त्याहून तिरका. तिसऱ्याला चाचांनी चष्मा पुसला, ब्लेड माझ्याकडून मागून घेतलं आणि सरळ दोन काप मारले: डोकं, मधला भाग, शेपूट. एक केसभरही इकडेतिकडे नाही. पुढचे सगळे किडे त्यांनीच कापले. मी फक्त तुकडे वेगवेगळ्या डब्यांत टाकत होते आणि चिठ्ठ्या लावत होते.

पाच-सहा दिवसांनी मधल्या तुकड्यांच्या एका टोकाला पांढुरकी कोवळी कड आली आणि तिच्यात दोन काळे ठिपके उमटले. चाचा रोज सकाळी दुकानाचं शटर उघडायच्या आधी भिंग घेऊन येत. डोळे उमटले त्या दिवशी ते खाटेच्या काठावर बसूनच राहिले.

“बेटा, एक सांग,” ते म्हणाले. “मी बाही कापतो. ती वरची कोनती, खालची कोनती, हे मले मालूम. बाहीले नाई मालूम. आता हा मंधातला तुकडा. याले ना डोकं, ना शेपूट. दोनी बाजूनं कापलेला. तं डोकं इकडंच काढाचं, तिकडं नाई, हे याले कोनं सांगतलं?”

तीन दिवस फळ्यावर बाण काढून मला वर्गाकडून जो प्रश्न काढून घेता आला नव्हता, तो त्यांनी बाहीवरून काढला होता.

मी त्यांना जमेल तसं सांगितलं. शेपटीकडच्या पेशी सारखा एक निरोप पाठवत असतात की इकडे शेपूट आहे. डोक्याकडच्या पेशी तो निरोप दाबून टाकतात. तुकडा झाला की त्याच्या दोन्ही टोकांना मूलपेशी गोळा होतात, कान देऊन बसतात. ज्या टोकाला शेपटीचा निरोप ऐकू येतो तिथे शेपूट, जिथे येत नाही तिथे डोकं.

“म्हंजे कोनी काही नाई सांगतलं तं डोकं?”

“असंच काहीसं.”

“मंग त्यानं शेपटीचा निरोप ऐकलाच नाई तं?”

“तर दोन्हीकडे डोकी.”

हे मी सहज बोलून गेले. पण चाचांनी भिंग खाली ठेवलं आणि म्हणाले, “असं कर मंग.”

एका शोधनिबंधात मी वाचलं होतं की कुत्र्यांच्या पोटातल्या जंतांवर देतात ते एक औषध अगदी कमी प्रमाणात पाण्यात घातलं, तर प्लॅनेरियातला हा निरोप बिघडतो. मी जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथले डॉक्टर भले गृहस्थ, एका बकरीचा खूर तपासत होते.

“कुत्रा किती किलोचा आहे?” त्यांनी न बघता विचारलं.

“कुत्रा नाही. किडे आहेत.”

“ते कळलं. किडे कुत्र्याच्या पोटात आहेत ना?”

“नाही, डब्यात आहेत.”

आता त्यांनी खूर सोडला. “मग मारायचे कशाला? फेकून द्या.”

“मारायचे नाहीत. त्यांना दोन डोकी आणायची आहेत.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग बकरीच्या मालकाकडे पाहिलं. बकरीचा मालक हळूच मागे सरकला. मी पर्समधून कॉलेजचं ओळखपत्र काढलं, शोधनिबंध मोबाइलवर दाखवला. डॉक्टरांनी तो उभ्याउभ्या वाचला आणि शेवटी गोळ्या देताना एकच अट घातली: “जमलं तर मला पहिले दाखवायचं.”

पहिल्यांदा औषध जास्त झालं आणि एका डब्यातले सगळे तुकडे विरघळून गेले. चाचीला फार वाईट वाटलं. “गरिबांयनं काय बिघडवलं होतं तुमचं?” म्हणून तिनं आम्हां दोघांनाही दिवसभर चहा दिला नाही. दुसऱ्यांदा औषध कमी पडलं. तुकड्यांना शहाण्यासारखं एकेक डोकं आणि एकेक शेपूट आली. तिसऱ्या वेळी मी गोळीच्या पाण्याचा एक थेंब वाढवला, दोन दिवसांनी तुकडे साध्या पाण्यात काढले आणि वाट पाहत बसले.

आणि नेमकी तेव्हाच आई आली.

आमच्या नात्यातले एक जण आष्टीला नोकरी करतात. त्यांनी मला बाजारात कोंबडीच्या दुकानातून पुडी घेताना पाहिलं होतं, एकदा नव्हे, तीनदा. ही बातमी आष्टीहून वरोऱ्याला पोचली, तोवर पुडीचं पातेलं झालं होतं. आईनं फोन केला नाही. पहाटेची गाडी धरली, चंद्रपूरला बस बदलली, आणखी एक बदलली आणि दुपारी अंगणात येऊन उभी राहिली. हातात शेव-चिवड्याची पिशवी. मी कॉलेजात होते. जे झालं ते मला चाचीनं नंतर करून दाखवलं.

आई म्हणाली, “बाई, खरं सांगा. माही पोरगी तुमच्या घरी काय खाऊन राह्यली?”

चाचीनं तिला स्वयंपाकघरात नेलं, लाल दोऱ्याची कढई दाखवली, तिच्यातली मेथीची भाजी दाखवली. आईचं समाधान झालं नाही. “अन् कलेजी?”

“ते तिच्या लेकरांयले लागते,” चाची म्हणाली.

आई मटकन ओट्यावर बसली.

मी घरी पोचले तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी होतं, चाची तिला सरबत पाजत होती आणि हसू दाबून दाबून लाल झाली होती. मी आईला खोलीत नेलं आणि डबे बाहेर ओढले. तिनं नाक मुरडलं, पण भिंग हातात घेतलं. आणि डबा बघता बघता एकदम म्हणाली, “याले दोनी बाजूनं डोये काऊन हायेत?”

मी भिंग हिसकावून घेतलं. एका तुकड्याच्या दोन्ही टोकांना कोवळी पांढरी कड होती आणि दोन्हीकडे दोन-दोन काळे ठिपके. मी किंचाळले. चाचा हातात मापाची पट्टी घेऊनच पळत आले. चाची आली. आम्ही चौघं एका आइस्क्रीमच्या डब्यावर वाकलो. तो जीव डावीकडे थोडा सरकला, मग उजवीकडे थोडा सरकला, मग ताणला गेला आणि होता तिथेच थांबला. दोन डोकी दोन दिशांना ओढत होती.

“एका घरात दोन सासवा,” चाची म्हणाली.

आई खळखळून हसली. आल्यापासून पहिल्यांदा. त्या रात्री ती चाचीच्या घरीच जेवली, लाल दोऱ्याच्या कढईतलं. चार दिवस राहिली आणि चौघांतल्या कोणापेक्षाही जास्त वेळ भिंग तिच्याच हातात असायचं. कलेजी मात्र ती डोळे मिटून, चिमट्यानं टाकायची आणि नंतर हात तीनदा धुवायची.

फेब्रुवारीत कॉलेजचं विज्ञान प्रदर्शन होतं. आमचे चार दोन डोक्यांचे किडे आणि दहा साधे किडे एका काचेच्या थाळीत, वर दिवा, बाजूला भिंग. ती बंगाली वसाहतीतली मुलगी माहिती सांगायला उभी होती. गडचिरोलीहून एक साहेब उद्घाटनाला आले होते. त्यांच्यासोबत फोटो काढणारे, हारतुरे, प्राचार्य, असा सगळा घोळका आमच्या टेबलाशी आला.

दिवा लावल्याबरोबर साधे किडे भराभर थाळीच्या कडेला अंधारात जाऊन चिकटले. उजेड त्यांना आवडत नाही. साहेब वाकले. पण दोन डोक्यांचे चारही जण मधोमध उजेडात तसेच, कारण एक डोकं पळायला निघालं की दुसरं उलट ओढायचं. साहेबांना ते मस्त दिसले.

“वा! हे धीट दिसतात,” साहेब म्हणाले.

मुलगी म्हणाली, “नाही सर, यांचं ठरत नाहीये.”

साहेबांनी विचारलं, “शेपूट कुठे आहे?”

“शेपूट नाहीच, सर. शेपटीचा निरोप पोचलाच नाही.” मग तिनं सगळं सांगितलं: मूलपेशी, त्यांना मिळणारे निरोप, आपल्याही अंगात गर्भात असताना वर-खाली, पुढं-मागं ठरवणारे तसेच निरोप, आणि ते चुकले तर काय होतं. न अडखळता. मी मागे उभी राहून ऐकत होते. तिच्या बोलण्यात माझ्या फळ्यावरचा एकही बाण नव्हता. एकदा ती “जसं बाही उलटी लागली तर” असंही म्हणाली, तेव्हा मला कळलं की ती परस्पर चाचांच्या दुकानात जाऊन आली होती.

जनावरांचे डॉक्टर दुपारी आले, अर्धा तास बघत उभे राहिले. “मी आजवर हजारो जंत मारले,” ते म्हणाले, “त्यांचं तोंड पहिल्यांदा पाहिलं.”

बक्षीस सौरचुलीला मिळालं. तिच्यात पापड भाजला होता आणि तो परीक्षकांना खायला दिला होता. आमच्या टेबलावर खाण्यासारखं काही नव्हतं.

उन्हाळ्यात माझी तासिकांची मुदत संपली आणि मला वरोऱ्याजवळच्या एका कॉलेजात काम मिळालं. साधे किडे मी नाल्यात परत सोडले. औषध दिलेले सोडणं बरं नव्हतं, म्हणून ते चाचांनी ठेवून घेतले. वैशाखात पाणी तापू नये म्हणून त्यांनी डबा माठाच्या बुडाशी ठेवला, भोवती ओलं फडकं गुंडाळलं. दर आठवड्याला त्यांचा फोन यायचा. सगळे ठीक हायेत, खाऊन राह्यले.

जुलैत एकदा फोन आला तो भर दुपारी. मी वर्गाबाहेर येऊन घेतला.

“बेटा, माह्याकडून एक काम झालं,” चाचा म्हणाले. आवाज अपराध्यासारखा. “एकाचे मी दोनी डोके कापले.”

“काऊन पण, चाचा?”

“मले वाटलं, आता गोळीचं पानी नाई. साधं विहिरीचं पानी हाय. आता तरी याले एक डोकं अन् एक शेपूट येऊ दे. किती दिवस असा अडकून राहीन बिचारा? म्हनून कापले. सरळ कापले.”

“मग?”

“आज डोये आले. दोनीकडं.” ते म्हणाले. “गोळी तं कवाचीच गेली. मंग याले अजून कोन सांगून राह्यलं, का दोन डोके काढ म्हनून?”

मागे चाचीचा आवाज येत होता, “तिले म्हना, मी नाई सांगतलं!”

मी व्हरांड्यात उभी होते. असं होतं हे मी त्याच शोधनिबंधात वाचलं होतं; पण का होतं, ते पुरतं अजून कोणालाच सांगता आलेलं नाही. मी चाचांना तसंच सांगितलं. तुकड्याला कुठंतरी ते ध्यानात राहतं, पण कुठे आणि कसं, याचा लोक अजून शोध घेत आहेत.

“कोनालेच मालूम नाई?”

“नाही.”

“तुलेबी नाई?”

“मलाही नाही, चाचा.”

पलीकडे शिवणयंत्राचं पायडल दोन-चार वेळा हलल्याचा आवाज आला.

“बरं,” चाचा म्हणाले. “तुमी लोक शोधा आरामानं. मी तवरीक याले कलेजी देऊन ठेवतो.”